लाईट गेल्यावर काम कुठून सुरू होतं? बॉइंक की फोल्डिंग ॲट होम

घरचा डेस्कटॉप रात्री रिकामा बसण्यापेक्षा विज्ञानाच्या कामाला लावावा असं ठरवलं की बहुतेक जण दोन नावांपाशी येऊन अडतात. प्रथिनं कशी घडी घेतात हे तपासून आजारांच्या संशोधनाला हातभार लावणारं फोल्डिंग ॲट होम, आणि वेगवेगळ्या विज्ञान प्रकल्पांची कामं आपल्या मशीनवर आणून देणारं बॉइंक. दोन्ही फुकट, दोन्ही जुनी, दोन्हींमागे विद्यापीठातली माणसं. पुण्यात राहत असाल तर छापा-काटा करून ठरवा, फारसं बिघडणार नाही. गुहागर-देवगडकडे राहून जून ते सप्टेंबरही चालवायचं असेल, तर लाईट गेल्यावर झालेल्या कामाचं काय होतं ते आधी बघा.

"बंद केल्यावर सेव्ह होतं का?" याला दोघांचंही उत्तर "हो". गोम त्याच्या पुढे आहे. यातलं कुठलंच क्षणोक्षणी डिस्कवर लिहीत बसत नाही. मधूनमधून चेकपॉइंट पडतो, म्हणजे तोवरचं काम डिस्कवर लिहिलं जातं, मशीन परत चालू झालं की तिथून पुढे. मधलं गेलं ते गेलं.

फोल्डिंगमध्ये प्रोसेसरवरच्या कामाला मूळ सेटिंग 15 मिनिटांचं असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ग्राफिक्स कार्डावरच्या कामात मात्र चेकपॉइंट कधी टाकायचा हे तो तो प्रकल्पच ठरवतो, अमुक टक्के काम झाल्यावर. कार्ड दणकट असेल तर हे टक्के भराभर सरकतात. माझं जुनं आहे. आणि आमच्या वाडीत तारांवर आंब्या-फणसाच्या फांद्या टेकलेल्या, त्यामुळे वारा सुटला की लाईट जाते, येते, पुन्हा जाते. आली की टक्के मागे गेलेले.

तेही मी चालवून घेतलं असतं. पटलं नाही ते वेगळंच. यूपीएस पीं पीं करायला लागला की हातात चार-पाच मिनिटं असतात, आणि तेव्हा एकच माहिती हवी असते: आत्ता बंद केलं तर किती जाईल? बॉइंकमध्ये कामावर क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की शेवटच्या चेकपॉइंटनंतर प्रोसेसरने किती वेळ घातला याची सरळ एक ओळ दिसते. चाळीस सेकंद दिसले की खुशाल बंद करायचं. बराच वेळ झालेला दिसला तर जरा दम धरायचा, तेवढ्यात चेकपॉइंट पडतोही. फोल्डिंगमध्ये हेच कळायला लॉग उघडून चेकपॉइंटची ओळ हुडकावी लागते. अंधारात, यूपीएस बोंबलत असताना, चष्मा सापडत नसताना. कुणाला हे क्षुल्लक वाटेल, पण माझं पारडं त्या ओळीनेच झुकलं.

दुसरा मुद्दा मुदतीचा. फोल्डिंगला काम लवकर परत हवं असतं. लवकर दिलंत तर जास्तीचे गुण, उशीर केलात तर तेच काम दुसऱ्या कुणाकडे जातं. प्रथिनांचं संशोधन तसंच चालतं, एका कामाच्या निकालावर पुढचं काम बेतलेलं, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडे कित्येक गावांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती. तिथे कसली मुदत पाळणार! बॉइंकवर आइनस्टाइन ॲट होम हा प्रकल्प घेतलात तर साधारण 14 दिवस मिळतात. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोसारख्या यंत्रांच्या माहितीतून पल्सार, म्हणजे गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे, शोधायचं काम आहे ते. हिंगोलीत औंढ्याजवळ लायगोची आपली वेधशाळा उभी राहतेय, म्हणून मला जरा जास्तच आपुलकी, हे कबूल.

बॉइंकही काही धुतल्या तांदळासारखं नाही. तिथे चेकपॉइंटचं सेटिंग 60 सेकंदांचं दिसतं, पण ती नुसती विनंती असते, ऐकायची की नाही हे त्या प्रकल्पाचा प्रोग्राम ठरवतो. काही ऐकतच नाहीत. व्हर्च्युअलबॉक्सवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर उभा करून, चालणारी कामं तर अचानक लाईट गेल्यावर माझ्याकडे सर्वांत जास्त रुसली, त्यांच्या वाटेला पावसाळ्यात जाऊ नये. शिवाय थांबवलेली कामं मेमरीत ठेवायची खूण करून टाका. नाहीतर तुम्ही कॉम्प्युटर वापरायला बसलात म्हणून बॉइंक थांबलं तरी प्रोसेसरचं काम मेमरीतून काढलं जातं आणि पुन्हा चेकपॉइंटपासून सुरू होतं, लाईट असूनसुद्धा.

मूळसंख्या शोधणारं प्राइम95 या बाबतीत दोघांपेक्षा शहाणं वाटतं. दर 30 मिनिटांनी फाइल लिहितं आणि आधीच्या फायलीही राखून ठेवतं, म्हणजे लिहिता लिहिता लाईट गेली तरी मागची हाताशी राहते. पण त्यात गोडी वाटायला गणिताचं वेड हवं.

घरात कुणाच्या आजारपणामुळे फोल्डिंगच्या कामाशी जीव जडला असेल तर जरूर तेच घ्या, त्या कारणापुढे माझ्या तक्रारी किरकोळ. ऑक्टोबर ते मे निवांत चालवा आणि मिरग जवळ आला की फिनिश दाबा. हातातलं काम पुरं करून ते स्वतःहून थांबतं. दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी यूपीएसला यूएसबीची वायर असेल तर ती जोडून ठेवा आणि बॅटरी उतरत आली की हायबरनेट व्हावं, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद व्हावं, असं सेटिंग करा. स्लीप नको. त्यात सगळं रॅममध्येच असतं, बॅटरी संपली की तेही संपलं.