लाहतीचा सिबेलियस हॉल : नऊ महिने ऐकल्यावर

गेल्या सप्टेंबरात नोकरीसाठी फिनलंडमधल्या लाहतीला आले. हेलसिंकीहून ट्रेनने तासाभरावरचं, वेसियार्वी तळ्याकाठचं हे शहर. फिनिश संगीतकार सिबेलियसच्या नावाच्या इथल्या सिबेलियस हॉलमध्ये मेपर्यंत सोळा मैफली ऐकल्या. हॉल 2000 साली उघडला. हन्नू टिक्का आणि किम्मो लिंतुला हे त्याचे वास्तुविशारद, आणि ध्वनीचं काम रसेल जॉन्सनच्या आर्टेक या ध्वनिरचना करणाऱ्या कंपनीचं.

हॉलमध्ये जिकडेतिकडे लाकूड. इतकं लाकूड, म्हणजे तो आतून सतारीच्या भोपळ्यासारखा घुमत असणार, असं मी धरून चालले होते. पण वाद्याचं लाकूड वेगळं आणि भिंतीचं वेगळं. पातळ फळी आवाजाबरोबर थरथरते आणि खर्ज गिळून टाकते. म्हणून इथल्या लाकडी भिंतींच्या पोकळीत चक्क वाळू भरली आहे. तंबोऱ्याच्या तबलीने थरथरायलाच हवं. इथल्या भिंतीने मात्र जागचं हलायचं नाही, आलेला सूर होता तसा परत द्यायचा.

हे मला पटलं नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी. मी अगदी मागच्या रांगेत होते. डबल बासवाले (व्हायोलिनसारखं, पण माणसाएवढं उंच, खर्जाचं वाद्य) तारा बोटांनी हलकेच छेडत होते. आवाज बारीक, पण भरीव. छातीत जाणवत होता. घरच्या चांगल्या स्पीकरवरही तो खर्ज मला कधी मिळालेला नाही.

मुख्य हॉल बुटांच्या खोक्यासारखा, लांबट आणि उंच. साधारण 1250 खुर्च्या. भोवती रिकाम्या खोल्या आहेत, त्यांची दारं उघडली की सूर आत जाऊन रेंगाळतो. वाद्यवृंदाबरोबर मोठा कोरस असेल तर दारं उघडायची, चारच वादक असतील तर मिटायची. गवयाने तंबोरा लावून घ्यावा तसा इथे हॉलच लावून घेतात. एकाच आठवड्यात दोन्ही प्रकार ऐकले आणि फरक कानाला स्पष्ट कळला.

एक सांगून ठेवते. इथे तुमचाही आवाज ऐकू जातो. जानेवारीत मी जाकीट मांडीवर घेऊन बसले होते. व्हायोलिनचा शेवटचा सूर विरत असताना त्याचं कापड जरासं चुरचुरलं आणि पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं. तेव्हापासून जाकीट बाहेर टांगूनच आत जाते. खोकल्याची गोळी कागद काढून आधीच हातात ठेवते.

मध्यंतरात सगळे मेत्साहल्लीत येतात. मेत्साहल्ली म्हणजे वनदालन. लाकडी खांब वर जाऊन फांद्यांसारखे फाकतात आणि छत पेलतात. पलीकडे काच, काचेपलीकडे तळं. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. मग काचेत फक्त खांबांचं प्रतिबिंब दिसतं, आणि आपण उभे असतो ते रान दुप्पट वाटतं. मार्चमध्ये गोठलेल्या तळ्यावर चालणारी माणसं दिसायची. शेजारी लाकूडकामाच्या जुन्या कारखान्याची विटांची इमारत जपून ठेवली आहे, तिच्यामुळे हे लाकूड इथलंच वाटतं.

मे महिन्यात आई आली होती. आमच्या कोकणातल्या देवळाच्या सभामंडपात, लाकडी खांबांमध्ये बसून तिने चाळीस वर्षं भजन म्हटलंय. पाश्चात्त्य वाद्यवृंद तिने कधी समोर बसून ऐकला नव्हता, म्हणून मला धाकधूक होती. ती पूर्ण वेळ डोळे मिटून बसली. मध्यंतरात एका खांबावर तळवा ठेवून तिने विचारलं, “सागवान का गं?”

“नाही आई, सूचिपर्णी झाडाचं लाकूड.”

तिने खांब बोटाने ठोकला, कान जवळ नेला. मग म्हणाली, “आपल्या देवळात पत्रे घातले तेव्हापासून मृदंग नीट ऐकू येत नाही. तुझ्या बाबांना सांगत होते मी, छपरानेच बिघडलंय.”

दुसरी घंटा झाली तरी ती वर बघत उभी होती. इथे सिबेलियस महोत्सव असतो. त्याची दोन तिकिटं काढणार आहे, मधल्या भागातली, मागच्या बाजूची.