हलगी फुकट द्यायची, पण कुठल्या परवान्यावर?

गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात रील करणाऱ्यांना हलगी लागते. नंदीध्वजाच्या मिरवणुकीचं शूटिंग झकास असतं, मोबाइलवरचा आवाज मात्र फाटलेला. मग कुणाचा तरी ट्रॅक शोधतात. दोन वर्षांपूर्वी मी हलगी-सनईचा अडीच मिनिटांचा एक ट्रॅक नेटवर मोफत टाकला. परवाना लावला क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे आपलं काम इतरांना फुकट वापरू देण्यासाठी जे तयार परवाने असतात त्यांतला 'बीवाय': नाव द्या, बाकी काय करायचं ते करा. दुसरे पर्याय वाचायचा कंटाळा केला, त्याची फेड अजून चालू आहे. आता ओळखीतली दोन-तीन पोरं विचारतायत, ट्रॅक मोफत टाकताना परवाना कुठला लावायचा.

उपयोगाचे पर्याय चार. सीसी झिरो म्हणजे हक्कावर पाणीच सोडायचं, नाव लावायचीही सक्ती नाही. बीवाय वर सांगितला. बीवाय-एनसी म्हणजे नाव द्या आणि त्यावर धंदा करू नका. बीवाय-एनसी-एनडी म्हणजे वर आणखी बदलही करू नका. आणि पाचवा, जो परवानाच नाही: ऐकायला फुकट, बाकी सगळे हक्क राखीव. बीवाय-एसए म्हणूनही एक आहे, त्यात तुमच्या ट्रॅकवर केलेलं कामही त्याच अटींवर खुलं करावं लागतं. आपल्याकडच्या रीलवाल्याला हे समजावत बसायची ताकद माझ्यात नाही, म्हणून तो सोडून देतो.

आता हे पर्याय खऱ्या गिऱ्हाइकांपुढे ठेवून बघू.

पहिलं गिऱ्हाईक गल्लीतलं मंडळ. मिरवणुकीच्या व्हिडिओखाली ट्रॅक लावला. झिरो आणि बीवायमध्ये प्रश्नच नाही. एनसीमध्येही चालतं, मंडळ त्यातून कमावत नाही; मात्र रीलच्या सुरुवातीला सराफाची जाहिरात आली की वाद सुरू. खरी गंमत एनडीची. 'बदल नको' म्हणजे 'ट्रॅक कापू नका' एवढंच, असा बहुतेकांचा समज. पण या परवान्यांच्या 2013 साली आलेल्या 4.0 आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की संगीत हलत्या चित्राशी जुळवलं की ते रूपांतर धरलं जाईल, आणि एनडीमध्ये रूपांतर करून ते पसरवता येत नाही. म्हणजे रीलमधून नाव व्हावं म्हणून ट्रॅक मोफत द्यायचा आणि नेमकी रीलच बंद करायची! मला तरी एनडी गाणाऱ्यांपेक्षा भाषणवाल्यांच्या कामाचा वाटतो.

दुसरा लग्नाचा व्हिडिओवाला. तो पैसे घेऊन काम करतो, म्हणून एनसीचा ट्रॅक त्याला विचारल्याशिवाय लावता येत नाही. एनसीतला फायदा इथेच आहे. जगाला एनसी द्यायचं आणि धंदेवाल्याला वेगळी लेखी परवानगी विकायची, दोन्ही एकाच वेळी चालतं. माझ्या दुसऱ्या ट्रॅकवर अशी एक परवानगी 500 रुपये आणि पाव किलो शेंगाचटणीला गेली.

तिसरा, ज्याच्यामुळे माझी झोप उडाली. माझा ट्रॅक उचलला, सिद्धेश्वर तलावाचा फोटो चिकटवला, पुन्हापुन्हा जोडून तासाभराचं 'नॉनस्टॉप हलगी' केलं आणि वर जाहिराती लावल्या. खाली बारीक अक्षरात माझं नाव. बीवायमध्ये हे शंभर टक्के कायदेशीर आहे. काढायला लावता येत नाही, फार तर माझं नाव काढ एवढं सांगता येतं. तशी सोय परवान्यात आहे. नाव दिलंच नसेल तर परवाना आपोआप संपतो, पण चूक लक्षात आल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केली की पुन्हा जिवंत होतो. एनसी असता तर जाहिरातींवर बोट ठेवून यूट्यूबकडे तक्रार करता आली असती. सगळे हक्क राखीव असते तर दोन ओळींत काम. तक्रारीवरून व्हिडिओ निघाला की चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे ठपका बसतो; एक स्ट्राइक 90 दिवस राहतो, तीन झाले की चॅनेल जातं. आपला कॉपीराइट कायदाही लेखी तक्रारीवर मजकूर 36 तासांत रोखायला लावतो, पण 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत दिसू शकतो.

चौथ्याचा मात्र कुठल्याच परवान्यावर आधी अंदाज येत नाही. कुणीतरी माझा ट्रॅक स्वतःच्या अल्बममध्ये घालून डिस्ट्रिब्यूटरमार्फत (गाणी अॅपांवर पोहोचवणारी कंपनी) कंटेंट आयडीत, म्हणजे व्हिडिओतलं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत नोंदवला. झालं, मंडळांच्या व्हिडिओंवर क्लेम, म्हणजे 'हे गाणं आमचं' असा दावा, माझ्या स्वतःच्या चॅनेलवरही क्लेम! कंटेंट आयडीला एकट्याचे हक्क लागतात, म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्सवर सोडलेलं संगीत तिथे चालत नाही. त्यालाही नाही, मलाही नाही. खुला परवाना घेतला की ते कुलूप तुम्हालाही वापरता येत नाही, ही त्याची खरी किंमत. क्लेमवर हरकत घ्यायची. समोरच्याला उत्तराला 30 दिवस असतात आणि तो गप्प बसला तर क्लेम सुटतो. पहिल्या 5 दिवसांत हरकत घेतली तर सुरुवातीपासूनची कमाई अडकून राहते, त्याच्या खिशात जात नाही.

मी जिंकलो ते मागामुळे. रेकॉर्डिंग पूर्व भागातल्या मित्राच्या माडीवर केलेलं. शेजारचा यंत्रमाग एक मिनिट बारा सेकंदांना अचानक सुरू झाला, खट-खट-खट, आणि मग कुणीतरी बंद केला. मिक्स करताना मी तो दाबला होता, पुरता गेला नव्हता. त्याच्या 'अल्बम'मध्येही तोच माग, त्याच सेकंदाला. माझ्याकडे माइकगणिक वेगळ्या मूळ फाइली होत्या, त्याच्याकडे एमपीथ्री.

मग घ्यायचा कुठला? नुसतं ऐकलं जावं, कुणी कमावलं तरी पोटात दुखणार नाही, असं असेल तर बीवाय. झिरोत नावही जातं, ते मला परवडत नाही. मंडळांना फुकट आणि लग्नवाल्यांना पैशाने द्यायचं असेल तर एनसी. कंटेंट आयडी हातात हवा असेल तर हक्क राखून ठेवा आणि मागेल त्याला परवानगी द्या. शंका असेल तर घट्ट बाजूने सुरू करा: हे परवाने मागे घेता येत नाहीत, ज्याने आज उचललं त्याला ते कायमचे मिळाले. सैल मात्र कधीही करता येतं. एक अडचण अशी की यूट्यूबच्या यादीत साधा परवाना आणि बीवाय एवढेच दोन आहेत, एनसी वर्णनात लिहूनच सांगावं लागतं.

त्याआधी ट्रॅक तुमचा एकट्याचा आहे का ते बघा. त्यात विकत घेतलेला लूप (पुन्हापुन्हा वाजवायचा तयार तुकडा) असेल तर तो खुल्या परवान्यावर देता येतो की नाही ते त्याच्या अटींत वाचा. अभंग तुकोबांचा असला तर शब्द सगळ्यांचे, नवी चाल मात्र लावणाऱ्याची. आणि साथीदार वादकालाही कायद्याने हक्क आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी होकार घ्या. माझा संबळाचा नवा ट्रॅक तयार होऊन पडलाय. संबळवाले मामा म्हणतात, 'बघू की, सांगतो.' ते सांगेपर्यंत फाइल हार्ड डिस्कमध्येच.