दिवेआगरचा वाडीतला टेंट स्टे, बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

पहिलं सांगते, इथून समुद्र दिसत नाही. टेंटची चेन उघडली की समोर लाटा, असा फोटो ज्यांना हवाय त्यांनी दुसरीकडे बघावं. इथे रात्री फक्त गाज ऐकू येते आणि सकाळी सुरूच्या बनातून पाच-सात मिनिटं चाललं की पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. पण मी पाचपैकी साडेचार स्टार देतेय ते नेमके ह्याच गोष्टीसाठी, कारण समुद्राकाठी तंबू कुठे ठोकायचा हे ह्या लोकांना खरंच कळतं, आणि बाकी ठिकाणी फोटो बघून जागा ठरते.

मागे आम्ही दुसऱ्या एका किनाऱ्यावर 'सी टच' म्हणून जाहिरात करणाऱ्या कॅम्पवर राहिलो होतो, नाव घेत नाही. पौर्णिमा होती, चांदणं मस्त, आणि मध्यरात्री पाणी पुढच्या रांगेतल्या टेंटच्या दोऱ्यांपर्यंत आलं, लहान मुलांना उचलून सगळे मागे. मालकाला आदल्या दिवशीच कळायला हवं होतं, कारण जिथे टेंट लावले होते तिथेच वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा अशी आडवी रेघ पडलेली होती, म्हणजे पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं. किनाऱ्यावर कुठेही गेलात तर आधी ती रेघ शोधा आणि तिच्या बरंच वर, जिथे वेली आणि गवत धरलंय तिथे राहा.

आपल्याला बडोद्यात समुद्र म्हणजे कावी-कंबोई. स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं ते आपल्यापैकी बहुतेकांनी बघितलंय. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं म्हणून तिथे पाणी चढायचं ते दहा मीटरपर्यंतसुद्धा चढतं. रायगडच्या किनाऱ्यावर एवढं नाही, उधाणाला चार-पाच मीटर, म्हणून आपल्याकडच्या लोकांना वाटतं इथे काय भीती, पण पुळण सपाट असली की तेवढंच पाणी आडवं किती लांबवर पळतं ते बघून मग बोलावं.

वाडीवाल्या काकांनी आम्हाला फोनवरच तारखा बदलायला लावल्या होत्या. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, म्हणजे ऐन झोपेत पाणी सगळ्यात वर, आणि सगळ्यात मोठं उधाण तर त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येतं. अष्टमीच्या आसपास भरती लहान असते, म्हणून ते म्हणाले वहिनी, नवमी-दशमीला या, मुलांना दुपारी ओहोटीला सुरक्षित खेळता येईल. कॅलेंडर सगळ्यांच्या घरी असतं, बुकिंगच्या आधी एवढं बघाच. माझ्या मते ह्या एका सल्ल्यालाच अर्धा स्टार जास्त.

आता जागा. दिवेआगरला समुद्र, मग पुळण, मग सुरूचं बन, आणि त्याच्या मागे माड-पोफळीच्या वाड्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ ह्याच पट्ट्यात धडकलं तेव्हा इथल्या बागा आडव्या झाल्या, पोफळी तर फार गेल्या, आणि पोफळ लावली की सुपारी धरायला वर्षं जातात. बऱ्याच घरांनी त्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेत टेंट लावायला सुरुवात केली, हे त्यातलंच एक घर. त्यामुळे इथे पैसे देताना मला मनापासून बरं वाटलं, ते वाडी पुन्हा उभी करतायत आणि दोन ओळींमधे नवी रोपं दिसतात.

माडाखाली टेंट लावायचा नाही हे सगळे सांगतात पण वाडीत माड सोडून जागा असते कुठे. इथे काकांनी टेंटच्या आजूबाजूच्या माडांवरचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या आधीच उतरवून घेतल्या होत्या. झावळीसुद्धा वजनदार असते, वाऱ्याने सुटली तर टेंटचा कपडा फाडेल. दुसऱ्या कुठल्याही वाडीत राहणार असाल तर पोचल्याबरोबर वर बघा, नारळ दिसले तर टेंट हलवायला सांगा, लाजू नका.

आम्ही आमचा टेंट नेला होता, त्यांनी ना केली नाही, जागेचे चारशे घेतले. त्यांचे टेंट माणशी नऊशे, नाश्ता धरून. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि मी चहाचं विचारलं तर काका म्हणाले, "आधी टेंट, मग चहा, उजेड आहे तोवर जागा बघून घ्या." जमीन रेतीची, आपले ते बारीक लोखंडी खुंटे हाताने उपटले जातात. त्यांनी गोणपाटाचे तुकडे आणले, प्रत्येकात दोन ओंजळी रेती बांधली, गाठोड्याच्या गळ्याला दोरी आवळली, हातभर खड्डा करून गाठोडं पुरलं आणि वर पायाने दाबलं. मग मला म्हणाले ओढा. मी दोन्ही हातांनी ओढलं तरी हललं नाही. एवढी सोपी गोष्ट आहे, चार रिकामी गोणपाटं गाडीत टाकून न्या.

टेंटचं तोंड कुठे करायचं तेही त्यांनी सांगितलं. दिवसा खारे वारे समुद्राकडून, रात्री उशिरा मतलई वारे जमिनीकडून, शाळेत पाठ केलेलं असतं पण इथे झोपताना कामाला येतं. दोन्ही बाजूंच्या जाळ्या पूर्व-पश्चिम ठेवल्या की रात्रभर हवा खेळते. नाहीतर किनाऱ्यावरच्या दमट हवेत आतल्या कपड्यावर पाणी साठून सकाळी अंथरूण ओलं होतं. आमच्या शेजारच्या टेंटवाल्यांनी थंडी वाजेल म्हणून सगळं बंद केलं होतं, पहाटे त्यांची मुलं ओली होऊन उठली. जानेवारीतही पातळ चादर पुरते, जाड गोधड्या नेऊ नका.

डास आहेत. वाडीत शिंपणाचं पाणी असतं, डास असणारच. संध्याकाळी ते नारळाची सोडणं पेटवून धूर करतात, त्याने तासभर बरं वाटतं, पण मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतातच. अर्धा स्टार कापला तो ह्यासाठी आणि थोडा बाथरूमसाठी मिळून, कारण सगळ्या टेंटना मिळून दोनच आहेत आणि सकाळी सासूबाईंना थांबावं लागलं. स्वच्छ मात्र एकदम. विहिरीचं पाणी गोडं आहे, खारट अजिबात नाही.

खाडीकाठचे कॅम्प स्वस्त पडतात म्हणून कोणी सुचवेल, मी नाही म्हणेन. चिखल, बारीक चावऱ्या माश्या, आणि ओहोटीला खाडीच्या मुखाशी पाण्याची ओढ इतकी असते की पोहणाराही टिकत नाही. शिवाय महाडजवळ सावित्री नदीत मगरी आहेतच, आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतही मगरी, तेव्हा आपल्याला वेगळं काय सांगायचं. द्वारकेजवळच्या शिवराजपूरचा किनारा सुंदर, पाणी निळंशार, २०२० मधे ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालाय, आपल्याच राज्यात आहे, पण सावली नाही, दुपारी टेंटमधे बसवत नाही. तिथे दिवसाच जावं.

जेवण घरचं. वालाचं बिरडं, घावन, सोलकढी, उकडीचे मोदक आधी सांगितले तर. आम्ही नेलेला बडोद्याचा लीलो चेवडो आणि भाकरवडी काकूंना एवढी आवडली की त्यांनी इकडची प्रसिद्ध रोठा सुपारी बांधून दिली.

रात्री पुळणीवर मोठे टॉर्च नेऊ देत नाहीत, ह्यावर कोणीतरी वाईट रिव्ह्यू टाकलाय, तो मला पटला नाही. ह्या पट्ट्यात, हरिहरेश्वर-वेळासकडे, हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, उजेड दिसला तर मादी तशीच परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे जातात. काकांचं बरोबर आहे.

बडोद्याहून गाडीने साडेपाचशे-सहाशे किलोमीटर पडतं, पनवेल, माणगाव, मग म्हसळा-बोर्लीपंचतन. एका दमात करू नका, उजेडात पोचायचं आहे. शनिवार-रविवार टाळा, शेजारच्या रिसॉर्टचा डीजे अकरापर्यंत चालतो आणि त्यावर काकांचा इलाज नाही. जून ते सप्टेंबर टेंट काढून ठेवतात, तेव्हा फक्त घरातली एक खोली मिळते, आणि त्या दिवसांत समुद्रात उतरायला ते कोणालाच देत नाहीत.