मालिकेत राहावं की निघावं? सुझन लुची आणि ज्युलियान मूर

डेली सोपचा करार संपत आला की चॅनेल नवा कागद पुढे करतं, आणि नेमकं तेव्हाच डोक्यात सिनेमाचं वारं शिरलेलं असतं. राहिलं तर पैसा चालू, निघालं तर कदाचित नाव, कदाचित घरी बसणं. अमेरिकेच्या दुपारच्या मालिकांमध्ये हा प्रश्न पन्नासहून जास्त वर्षं विचारला जातोय. त्याची दोन टोकाची उत्तरं म्हणजे या दोन अभिनेत्री.

सुझन लुची राहिली. एबीसी या अमेरिकी चॅनेलवर ‘ऑल माय चिल्ड्रन’ जानेवारी १९७० मध्ये सुरू झाली आणि त्याच महिन्यात ती एरिका केन ही आगाऊ शाळकरी पोरगी बनून आली. वय २३. सप्टेंबर २०११ मध्ये एबीसीने मालिका बंद केली तोवर एरिका तीच होती. म्हणजे ४१ वर्षं एक पात्र.

ज्युलियान मूर १९८५ मध्ये सीबीएस या दुसऱ्या चॅनेलच्या ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ या मालिकेत आली आणि १९८८ मध्ये बाहेर पडली. तेवढ्यात तिने फ्रॅनी आणि तिची हुबेहूब दिसणारी सावत्र बहीण सब्रीना असा डबल रोलही केला आणि १९८८ चा डेटाइम एमी, म्हणजे दुपारच्या मालिकांसाठीचा पुरस्कार, घेतला. लुचीला पहिलं एमी नामांकन १९७८ चं आणि पुरस्कार मिळाला १९९९ मध्ये, एकोणिसाव्या नामांकनाला. मूरचा पुरस्कार नवोदित नायिकेचा होता, लुचीची स्पर्धा मुख्य अभिनेत्रींशी होती. तेव्हा हा हिशोब सरळ मांडता येत नाही. तरी एक गंमत आहेच. दरवर्षी हरल्यामुळे लुची जितकी घराघरात पोचली, तितकी एखाद-दोनदा जिंकून पोचली असती का, शंकाच आहे.

पैशाच्या बाजूने राहणं सोपं वाटतं, पण तिथला करार नीट वाचावा लागतो. नटाला तो काही वर्षं बांधून ठेवतो; निर्मात्यांना मात्र ठरावीक मुदतीला, पूर्वापार तेरा आठवड्यांच्या हिशोबाने, नारळ द्यायची मुभा असते. आठवड्याला किमान अमुक एपिसोडचे पैसे नक्की, हा त्यातला दिलासा. आपल्याकडच्या पर डे, म्हणजे शूटिंगच्या दिवसाप्रमाणे पैसे, या हिशोबात वाढलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: स्थैर्य आहे, पण दोन्ही बाजूंना सारखं नाही.

मग लुचीला ते ४१ वर्षं का मिळालं? माझ्या मते कारण एकच. एरिका तिच्यावाचून लिहिताच येत नव्हती. १९७३ मध्ये एरिकाने गर्भपात केला. अमेरिकेत गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा निकाल त्याच वर्षीचा, आणि दुपारच्या टीव्हीवर कायदेशीर गर्भपात तोवर कुणी दाखवला नव्हता. पुढे लग्नं, घटस्फोट, व्यसन, धंदा, सगळं तिच्या वाट्याला आलं, आणि या पात्रासाठी कधी दुसरी नटी आणली गेली नाही. मूरची फ्रॅनी मात्र तिच्या आधीही दुसऱ्यांनी केली होती आणि नंतरही दुसरीने केली. रिप्लेसमेंट आली, ट्रॅक पुढे सरकला. तुमचं पात्र यातलं कोणतं, याचं उत्तर चॅनेलच्या माणसाला विचारू नका. लेखकाच्या खोलीत काय चाललंय ते बघा.

आता निघण्याची किंमत. मूरचं नाव घेताना लोक सरळ २०१५ च्या ऑस्करवर उडी मारतात. मधली वर्षं बघा. मालिका सुटली तेव्हा ती २७ वर्षांची. मिनियापोलिसच्या गथ्री थिएटरमध्ये ऑफेलिया केली, टीव्हीसाठी चित्रपट केले. पहिला सिनेमा १९९० मध्ये, तोही भयकथांच्या संग्रहातली एक छोटी भूमिका. न्यूयॉर्कमध्ये एक मंडळी चेखॉवचं ‘अंकल वान्या’ हे नाटक मूठभर निमंत्रितांसमोर करत होती. त्यात ती होती. तिथे दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनने तिला पाहिलं आणि ‘शॉर्ट कट्स’मध्ये घेतलं. तो आला १९९३ ला. अख्खा सिनेमा तिच्या खांद्यावर पहिल्यांदा आला तो १९९५ चा ‘सेफ’. म्हणजे मालिका सोडल्यापासून सात वर्षं, आणि तीही बोस्टन युनिव्हर्सिटीतून नाटकाची पदवी घेतलेल्या, रंगभूमीवर उभी राहू शकणाऱ्या बाईची. ‘स्टिल अ‍ॅलिस’चा ऑस्कर मिळाला तेव्हा ती ५४ ची होती.

शिवाय निघालेल्यांची यादी फसवी असते. मेग रायन, मरीसा टोमे मूरच्याच मालिकेतून निघाल्या, म्हणून ती मालिका म्हणजे हॉलिवूडचा जिना वाटते. निघून काही न जमल्याने पुन्हा दुपारच्या मालिकेत परतलेल्यांचे लेख कुणी लिहीत नाही.

दोन्ही दगडांवर पाय ठेवून चालतं का? रॉबिन राइटचं चाललं. ‘सांता बार्बरा’, जी नव्वदच्या सुरुवातीला केबल आलेल्या आपल्या घरांत स्टार प्लसवर लागायची, त्यात ती १९८४ ते ८८ ‘केली’ हे पात्र करत होती, आणि मालिकेत असतानाच १९८७ चा ‘द प्रिन्सेस ब्राइड’ पडद्यावर आला. पण त्यासाठी तारखा सोडणारा निर्माता लागतो. लुचीनेही मालिका सांभाळून ‘माफिया प्रिन्सेस’सारखे टीव्ही चित्रपट केले, मोठ्या पडद्यावर ती फारशी आलीच नाही. २०१५ च्या ‘जॉय’मध्ये दिसली ती नायिकेची आई दिवसभर बघत बसते त्या मालिकेतली बाई म्हणून. एरिकाचा शिक्का किती पक्का होता ते त्यावरून कळतं.

तेव्हा माझं मत असं. पंचविशीच्या आसपास असाल, पात्र कुणीही करू शकेल असं असेल आणि नाटकाचा सराव असेल, तर कराराच्या शेवटी निघा. मध्येच तोडून नको. दोन-तीन वर्षांचा खर्च बाजूला असेल तरच. पात्र तुमच्याभोवती लिहिलं जात असेल, घर त्यावर चालत असेल, तर राहण्यात कमीपणा काही नाही. फक्त लुचीइतकी वर्षं मिळतील हे गृहीत धरू नका. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ २०१० मध्ये संपली, ‘डेज ऑफ अवर लाइव्हज’ २०२२ मध्ये टीव्ही सोडून स्ट्रीमिंगवर गेली, आणि दुपारच्या मालिका आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. नव्या करारावर सही करताना मालिका बंद पडली तर हातात काय उरतं, ते कलम आधी वाचा.