टॉवरची हाताने काढलेली प्रेझेंटेशन शीट: संभाजीनगरातल्या एका स्टुडिओचं काम

छत्रपती संभाजीनगरात टॉवरचं प्रेझेंटेशन ड्रॉइंग, म्हणजे इमारत कशी दिसेल हे दाखवणारं चित्र, अजून बोर्डावर, हाताने काढून देणारा एक छोटा स्टुडिओ आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे उणिवाही येणार आहेत. काम बहुतेक पुण्या-मुंबईत इमारती उभारणाऱ्या लातूर-नांदेडकडच्या बिल्डरांचं, थोडं स्पर्धेसाठी शीट लावणाऱ्या आर्किटेक्टांचं. सावली आणि काचेसाठी इथे डोळे झाकून जावं, पर्स्पेक्टिव्हसाठी (लांबचं लहान होत जाणारं, डोळ्याला दिसतं तसं चित्र) मात्र उघडे ठेवून.

आधी एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं समोरून काढलेलं सपाट, मापातलं चित्र. ए-वन शीट उभी धरली की ८४१ मिमी उंची मिळते. १४० मीटरचा टॉवर १:२०० ला (कागदावरचा १ सेंमी म्हणजे २ मीटर) ७० सेंमी येतो. आकाश आणि रस्ता यांना मिळून १४ सेंमी उरतात. तीन मीटरचा मजला १५ मिमी, तर १५० मिमीची स्लॅब जेमतेम पाऊण मिमी. एवढ्या जागेत जाड पेन चालवलं की स्लॅबच्या दोन रेघा चिकटतात आणि टॉवरवर नुसते काळे पट्टे दिसतात. इथे बाहेरची कड ०.५ मिमीच्या पेनने, कोपरे ०.३५ ने, खिडक्या ०.१८ ने आणि रेलिंग ०.१३ ने काढतात. रेघ कुठे तुटत नाही, सांध्यावर शाईचा ठिपका राहत नाही.

सूर्य डावीकडून ४५ अंशांत धरला की दीड मीटर बाहेर आलेल्या गॅलरीची सावली दीड मीटरच खाली पडते, म्हणजे कागदावर ७.५ मिमी, बरोबर अर्धा मजला. हे गणित कुणीही करेल. पण इथे सावली सपाट भरत नाहीत. खालची कड गडद आणि वर स्लॅबकडे फिकी होत जाते. काचही तशीच: खालच्या मजल्यांत समोरच्या झाडांचं, इमारतींचं प्रतिबिंब म्हणून गडद, वरच्या मजल्यांत आकाश म्हणून उजळ. सगळ्या खिडक्या एकाच निळ्यात भरणाऱ्यांनी हे जरूर बघावं. सांगितलं तर कोपऱ्यात दौलताबादचा चांदमिनारही त्याच स्केलला काढून देतात. सुमारे ६३ मीटरचा मिनार ३१ सेंमीच्या वर येतो. १४० मीटर म्हणजे नेमके किती, हे इकडच्या पार्टनरला आकड्यापेक्षा त्याने लवकर कळतं.

आता पर्स्पेक्टिव्ह. बघणारा फार जवळ उभा करायची इथे खोड आहे. नजर सरळ धरून टॉवर ६० अंशांच्या दृष्टिकोनात, म्हणजे नजरेच्या वर ३० अंशांत बसवायचा तर १४० मीटरसाठी साधारण २४० मीटर मागे जावं लागतं. त्याच्या निम्म्या अंतरावरून दोन व्हॅनिशिंग पॉइंटचं (मागे जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात त्या बिंदूंचं) चित्र काढलं, की माथ्याचा कोपरा भाल्यासारखा टोकदार होतो आणि इमारत अंगावर आल्यासारखी वाटते. दुसरी चूक खिडक्यांची. जवळच्या उभ्या कडेवर मजले समान पडतात ते बरोबर, पण बाजूला मागे जाणारे गाळे (खिडक्यांचे उभे पट्टे) कर्णाने भागून लहान होत गेले पाहिजेत. घाईत ते सारखेच पडतात. म्हणून अंतर आकड्यात लिहून द्या आणि पेन्सिलचा टप्पा बघितल्याशिवाय शाईला होकार देऊ नका. ट्रेसिंगवर (अर्धपारदर्शक कागदावर) शाई ब्लेडने खरवडता येते, पण त्याच जागी दुसऱ्यांदा खरवडलं की कागद फुसफुशीत होतो आणि शाई पसरते. शाईनंतर दोन मजले वाढवायचे म्हणजे नवी शीटच.

उन्हाळ्यात ट्रेसिंगवरचं काम देऊच नये. खोलीत कूलर चालतो, दमट हवेने कागद फुगतो, लाटा येतात आणि सकाळी घेतलेलं माप संध्याकाळी जुळत नाही. पॉलिस्टर फिल्म मागा; महाग पडते, निबही लवकर झिजवते, पण ओलीने हलत नाही.

रात्रीचं दृश्य कोळशात करतात, ते उत्तम. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या झोनिंग नियमांतून पायऱ्यापायऱ्यांचे टॉवर कसे निघतील, हे ह्यू फेरिस या इमारतींच्या चित्रकाराने १९२२ मध्ये काढून दाखवलं, त्याच वळणाचं: आधी कागद काळा करायचा, मग मऊ खोडरबराने उजेड उचलायचा. फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारण्याआधी जाऊन बघा. नंतर उजेड नीट उचलता येत नाही, शिवाय काळेपणा किंचित वाढतो.

स्कॅन ६०० डीपीआयचाच (दर इंचाला ६०० ठिपके) घ्या. ३०० ला एक पिक्सेल साधारण ०.०८५ मिमी, म्हणजे ०.१३ ची रेघ दीड पिक्सेलवर येते आणि रेलिंग तुटक दिसतं. कोळशाचं चित्र रोलरच्या स्कॅनरमध्ये घालू देऊ नका, पुसलं जातं. त्याचा फोटोच काढून घ्यावा. ते नळीतही गुंडाळायचं नाही. स्टुडिओ एसटी पार्सलला सरसकट नळीच देतो, म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये बटर पेपर घालून सपाट बांधायला आधीच सांगा.