डाळिंबात मधमाश्यांच्या पेट्या : आठ महिन्यांनंतर

सांगोला तालुक्यात आमचा दोन एकर भगवा आहे, म्हणजे डाळिंबाचा भगवा वाण. आंबे बहार धरतो, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात तो हंगाम. फुलांवर पराग पोचून फळं धरावीत म्हणून फेब्रुवारीत मेलिफेरा (पेटीत पाळतात ती युरोपीय मधमाशी) माशीच्या चार पेट्या विकत आणल्या. आता ऑक्टोबर उजाडलाय, तेव्हा बरं-वाईट दोन्ही सांगतो.

याआधी कळी निघाली की आम्ही गुळाचं पाणी फवारायचो. माश्या यायच्या, पण त्यांच्यापेक्षा मुंग्याच जास्त.

पहिली चूक माझी. कळी दिसताच पेट्या आणून ठेवल्या. बागेत फुलं मोजकी आणि ओढ्यापलीकडे कांद्याचे डेंगळे (बियांसाठी राखलेले फुलांचे दांडे) पांढरेशुभ्र फुललेले. सगळी फौज तिकडे! माझ्या पैशानं शेजाऱ्याचं बी भरलं, त्यानं निदान चहा तरी पाजला. माशी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, तिला बांध कळत नाही. शंभरात पाच-दहा फुलं उमलली की पेटी आणायची, आणि रात्रीच आणायची. सकाळी दार उघडलं की समोर आपलीच बाग पाहिजे.

फरक पडतो का, हे बघायला एका झाडाच्या दोन फांद्यांवर कळी असतानाच मच्छरदाणीचं कापड बांधलं. नर कळी बुडाला निमुळती, ती गळणारच, तिथं माशी काही करू शकत नाही. म्हणून फक्त बुडाला फुगीर असलेल्या मादी कळ्या मोजल्या. झाकलेल्या वीसपैकी पाच कळ्यांची गाठ धरली, म्हणजे फळ धरलं, उघड्या वीसपैकी बारांची. एकाच झाडाचा हिशेब आहे, छापील आकडा समजू नका.

मला जास्त पटलं ते फळ फोडल्यावर. डाळिंबाचा प्रत्येक दाणा म्हणजे एक बी, पराग पोचला तरच ते भरतं. झाकलेल्या फांदीचं फळ एका बाजूला बसकं निघालं, आत दाण्यांऐवजी पांढरा गर. उघड्या फांदीवरचं गच्च. माल किती वाढला म्हणून सगळे विचारतात. नाही सांगता येणार, यंदा छाटणी आणि खतही बदललं होतं.

आता त्रास. मार्चमध्ये शेजारच्या बागेत फुलकिड्यांसाठी सकाळी दहाला फवारणी झाली. दुपारी पेटीच्या दारापुढे मेलेल्या माश्यांचा थर, कित्येकींच्या जिभा बाहेर. तेव्हापासून आम्ही दोघंही दिवस मावळल्यावरच पंप काढतो. वेडा राघू तारेवर बसून एकेक माशी टिपतो, त्याला इलाज नाही. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच, नाहीतर मुंग्या घर करतात. उन्हाळ्यात जवळ परातीत पाणी आणि त्यात काटक्या ठेवा, माश्या बुडत नाहीत.

पावसाळा सगळ्यात जड गेला. फुलं नाहीत, साखरेचा पाक पाजत बसलो. चार पेट्यांपैकी एक मुळातच कमजोर होती, पोळं बांधायच्या दहा चौकटींत जेमतेम चार माश्यांनी भरलेल्या. विकणारा म्हणाला, वाढतील. वाढला तो पोळ्याचं मेण खाणारा मेणकिडा. ती पेटी गेली, तीन उरल्या. मध म्हणाल तर घरापुरता.

दोन एकरवाल्यानं विकत घेऊ नयेत, बहारापुरत्या भाड्यानं आणाव्यात. पैसे देण्याआधी झाकण उघडायला लावा आणि माश्यांनी झाकलेल्या चौकटी स्वतः मोजा. आठाच्या खाली असतील तर गाडीतून उतरवूच नका.