कॉर्नवॉलिस की बर्गॉइन? प्रबंधासाठी कोण निवडावा

अठराव्या शतकातला एखादा ब्रिटिश उमराव-सेनापती अभ्यासाला घ्यायचा, तर चार्ल्स कॉर्नवॉलिस आणि जॉन बर्गॉइन ही दोन नावे हटकून समोर येतात. दोघेही खासदार झाले, दोघांनीही अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात अख्खी फौज गमावली. बर्गॉइनने १७७७ मध्ये साराटोगाला शस्त्रे ठेवली, कॉर्नवॉलिसने १७८१ मध्ये यॉर्कटाउनला. शरणागतीच्या दिवशी कॉर्नवॉलिसने तब्येतीचे कारण सांगून आपल्या हाताखालच्या ओहाराला पुढे केले. बर्गॉइन निदान स्वतः गेला.

रंगत म्हणाल तर बर्गॉइनकडे जास्त. अर्ल ऑफ डर्बीच्या मुलीशी पळून जाऊन लग्न, मग कर्जापायी फ्रान्सात मुक्काम, पोर्तुगालच्या मोहिमेत नाव, आणि लंडनच्या रंगभूमीवर चाललेली नाटकेही. आपल्याकडच्या वाचकाला त्याच्यात भारताचा धागाही सापडतो: १७७२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचा तो अध्यक्ष होता आणि पुढच्या वर्षी क्लाइव्हवर त्यानेच टीकेची तोफ डागली. पण साराटोगानंतर तो सरकारशी भांडला, विरोधकांना जाऊन मिळाला आणि त्याचे लष्करी आयुष्य जवळपास तिथेच आटोपले.

कॉर्नवॉलिस त्या मानाने रुक्ष. नाटक नाही, भानगड नाही. तरी राजाची मर्जी टिकली आणि १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, सोबत सरसेनापतिपदही घेऊन. बंगालचा कायमधारा (१७९३) बहुतेकांना शाळेपासून पाठ असतो. माझ्या मते खरा ऐवज त्याच्या आधीच्या टिपूविरुद्धच्या युद्धात आहे.

मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस टिपूच्या राजधानीपर्यंत, श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला, पण दाणागोटा संपला होता आणि बैल मरत होते. वेढ्याच्या तोफा ओढायला जनावरे नाहीत, म्हणून त्या स्वतःच निकामी करून त्याला मागे फिरावे लागले. तेवढ्यात इंग्रजांच्या बाजूने लढणारे मराठा सेनानी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन भेटल्या. मराठ्यांच्या छावणीत भरला बाजार होता, आणि उपाशी इंग्रज सैन्य त्यावर तगले. पुढे फेब्रुवारी १७९२ मध्ये टिपूने तहाच्या अटी मान्य केल्या: निम्मे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि दोन मुलगे ओलीस. इंग्रजी चरित्रांत ही भेट चार ओळींत उरकलेली दिसली, तर नवल वाटून घेऊ नका.

साधनांचा विचार केला तर पारडे उघडच झुकते. कॉर्नवॉलिसचा पत्रव्यवहार १८५९ मध्येच तीन खंडांत छापला गेला. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याची पत्रे आहेत, पटवर्धन दप्तरातली मराठी पत्रेही छापील मिळतात. एकच मोहीम दोन्ही बाजूंनी वाचता येते. बर्गॉइनसाठी मात्र संसदेची कागदपत्रे आणि अमेरिकन साधने धुंडाळावी लागतील. मराठीत जवळपास काही नाही.

म्हणून एखादा लेख किंवा व्याख्यान करायचे असेल तर खुशाल बर्गॉइन घ्या. प्रबंध लिहायचा असेल तर कॉर्नवॉलिस, पण अख्खा नको. आयर्लंडचा कारभार, फ्रान्सशी झालेला आमियाँचा तह, गाझीपूरचा मृत्यू (१८०५) असे सगळे ओढत बसलात तर तीन वर्षे पुरणार नाहीत. १७९० ते १७९२ एवढाच तुकडा धरा, आणि मोडी येत असेल तर सुरुवात पटवर्धनांच्या पत्रांपासून करा.